फोटो हेडचा, नाव ब्लॉकचं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या मागच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या गाड्या 'तयार' करण्यावर अख्खं पान आलंय, आमच्या घरी ते अजून फ्रिजवर चिकटवलेलं आहे कारण भाच्याला त्यातली लाल गाडी आवडली. पान छान आहे, रंग छान, सायलेन्सर छान, टर्बोचा फोटो तर असा की उचलून खिशात घालावा. पण खाली कोपऱ्यात जो फोटो आहे आणि त्याखाली 'मजबूत इंजिन ब्लॉक हाच खरा पाया' असं लिहिलंय ना, तो ब्लॉक नाहीच, तो हेड आहे. ब्लॉक म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतात तो खालचा मोठा ठोकळा, हेड म्हणजे त्यावरचं झाकण. व्हॉल्व्ह दिसतायत त्यात, मोजून घ्या सोळा भरतील. म्हणजे पाया म्हणून तुम्ही छप्पर छापलंत.

असो, चूक होते, मी काय भांडायला बसलो नाही. पण पूर्ण पानात ब्लॉकवर एवढं एकच वाक्य आणि तेही चुकीच्या फोटोखाली, आणि आमच्याकडची पोरं हे पान वाचून पैसे घालायला निघतात, आमच्या घरातला तर निघालाच, म्हणून म्हटलं लिहावं. पत्र लांबलंय, कापलंत तरी चालेल पण मधलं कापू नका.

मी फोंड्याचा. तिस्क-उसगावच्या बाजूला खाणीच्या ट्रकांचं वर्कशॉप होतं तिथे बावीस वर्षं काढली, आधी स्टोअरला आणि मग इंजिन रूमला. तिथे टाटा ६९७ इंजिन म्हणजे देव. हे ६९७ नाव कुठून आलं ते कित्येक ड्रायव्हरांना पण माहीत नसायचं, सहा सिलिंडर आणि ९७ मिमीचा बोअर म्हणजे सिलिंडरच्या भोकाचा व्यास, झालं ६९७. चार सिलिंडरवालं ते ४९७. स्ट्रोक म्हणजे पिस्टनची चाल १२८ ची, सहाचे मिळून ५६७५ सीसी, आणि बिडाचा (ओतीव लोखंडाचा) ब्लॉक असा की चेन-पुली असल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. ती इंजिनं ओव्हरलोड सोसायची, लाल धूळ खायची, जेट्टीवर जाऊन परत यायची, आणि तरी ब्लॉकच फुटला असं मी बावीस वर्षांत बोटावर मोजण्याइतकं पाहिलं. सगळे म्हणायचे लोखंड जाड आहे म्हणून. ते अर्धंच खरं. बाकीचं अर्धं हे की ती इंजिनं सावकाश फिरायची. पिस्टन वरती जाऊन थांबतो, परत खाली येतो, तो जो झटका बसतो तो फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ६००० आरपीएमवरून ७२०० ला गेलात तर फेऱ्या वाढल्या वीस टक्के आणि झटका वाढला ४४ टक्के. आणि तो झटका शेवटी धरतो कोण, तर क्रँक म्हणजे पिस्टन फिरवतात तो दांडा, त्याला खालून धरणाऱ्या मेन कॅप आणि त्या कॅप ज्यात बसल्यात तो ब्लॉक. टर्बोचं, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याचं, दुखणं वेगळं, तिथे फेऱ्या तेवढ्याच ठेवल्या तरी वरचं प्रेशर वाढतं, ते हेड उचलायला बघतं आणि बोअरच्या भिंती बाहेर ढकलायला बघतं. तेव्हा 'कुठला ब्लॉक मजबूत' असं कोणी विचारलं की मी आधी उलटा विचारतो, तुला पळवायचंय की फुगवायचंय? त्याशिवाय उत्तरच नाही.

२०१२ ला गोव्यातल्या खाणी बंद झाल्या आणि ट्रक लाईनीने उभे राहिले ते तुम्ही तुमच्याच पेपरात छापलंय. तेव्हा मी एक गोष्ट शिकलो. चालून मेलेल्या ब्लॉकपेक्षा उभ्याने मेलेले ब्लॉक जास्त निघाले. रेडिएटरमधे विहिरीचं साधं पाणी, कूलंट कोणी घालायचं नाही, दोन पावसाळे तसंच उभं, मग ब्लॉकच्या बाजूची डमी प्लगची झाकणी काढली की आतून चिकट लाल चिखल आणि पाण्याच्या वाटा अर्ध्या बुजलेल्या. बाहेरून ब्लॉक एकदम ठणठणीत. म्हणून 'गाडी कमी चाललीय हो' असं विकणारा म्हणाला की मला त्यात गुण दिसत नाही, मी म्हणतो किती उभी होती ते सांग.

आता भाच्याकडे वळतो. त्याच्याकडे मारुती एस्टीम आहे, १६ व्हॉल्व्हची, ८५ हॉर्सपॉवरवाली, त्याच्या बाबांनी नवी घेतलेली. त्याला ती ऑटोक्रॉसला न्यायचीय, म्हणजे मातीच्या मैदानात वळणावळणाने पळवायची आणि सोमवारी तीच घेऊन कामावर जायचं. मला म्हणाला मामा मला ताकद पण पाहिजे आणि रस्त्यात बंद पडायला पण नको. मी म्हटलं बरोबर आहे, मग आधी ब्लॉक ठरव. तर हा म्हणाला ठरवलाय, आणि मोबाईल दाखवला. बलेनोचा १.६ चा हाफ इंजिन, म्हणजे हेड सोडून खालचा भाग, मुंबई बाजूच्या कोणा पार्टीकडून, अठरा हजार, पैसे अर्धे देऊन मोकळा. (बलेनो म्हणजे १९९९ ला आलेली ती जुनी सेडान, आताची नव्हे.) ही कल्पना वाईट नाही हे सांगून ठेवतो, एस्टीममधे बलेनोचं इंजिन घालणं देशभर लोक करत आलेत, दोन्ही एकाच घराण्यातली. पण मला विचारायचं तर होतं आधी.

ट्रान्सपोर्टने आला. गोणपाट काढलं तर आत चंदेरी स्प्रे मारलेला ब्लॉक, चकाचक, लग्नातल्या नवऱ्यासारखा. भाचा खूष. माझ्या मात्र पोटात गोळा आला कारण ब्लॉकला स्प्रे मारायचं कारणच काय, काहीतरी झाकायचं असल्याशिवाय? उचलून आमच्या लेथवाल्या मेस्ताकडे नेला. मेस्त सत्तरीचा माणूस, अजून चष्म्यावर दुसरा चष्मा लावून बोअर गेज वाचतो, आपल्याकडे सुतार, गवंडी कोणी पण चांगला कारागीर असला की मेस्त म्हणतात तसा हा आमचा मेस्त. त्याने ब्लॉक उलटा केला, मेन कॅप सुट्या केल्या, पुसल्या, आणि तिसऱ्या कॅपच्या सांध्यावरून नुसतं नख फिरवलं. परत फिरवलं. म्हणाला, "ही कॅप हाची न्हय." म्हणजे ह्या ब्लॉकची नाही.

भाचा म्हणाला कसं काय, तिच्यावर ३ आकडा आहे, बाण पण पुलीच्या बाजूला आहे. सगळं बरोबर होतं दिसायला. मेस्त काय बोलला नाही, त्याने त्याच ब्लॉकबरोबर आलेला क्रँक घेतला, जुने शेल म्हणजे बेअरिंगच्या अर्धगोल पट्ट्या घातल्या, तेल सोडलं आणि एकेक कॅप टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराला टक वाजणारा पाना) टाइट करत गेला, प्रत्येक कॅपनंतर क्रँक हाताने फिरवून बघायचा. पहिली, फिरतोय. दुसरी, फिरतोय, तेलात पळी फिरावी तसा. चौथी-पाचवी आधी केली, फिरतोय. मग तिसरी. टॉर्क रेंचचा टक आवाज आला आणि क्रँक दगड. भाच्याने दोन्ही हातांनी जोर लावला, हलेना. तिसरी परत सैल केली, फिरला.

हे असं का, ते तुमच्या वाचकांना सांगायला पाहिजे कारण इथेच लोकांचे पैसे बुडतात. कारखान्यात ह्या कॅप ब्लॉकला बोल्टने आवळून मग पाचही भोकं एका सरळ रेषेत एकदमच बोअर करतात, त्यामुळे प्रत्येक कॅप त्याच ब्लॉकची आणि त्याच जागेची, दुसऱ्या इंजिनची तिसरी कॅप आणली तर आकडा जुळेल, गोलाई जुळणार नाही. केसाच्या जाडीपेक्षा कमी फरक असतो, पण क्रँक आणि शेलमधे तेलाला मिळणारी जागा पण तेवढीच असते ना. आमच्या पोराच्या नशिबाने ती कॅप एवढी चुकीची होती की क्रँक जाम झाला. थोडी कमी चुकीची असती तर क्रँक फिरला असता, इंजिन बसलं असतं, चालू पण झालं असतं, आणि पाचशे किलोमीटरवर मेन बेअरिंगने जीव सोडला असता आणि सगळ्यांनी तेलाला शिव्या घातल्या असत्या. ह्याला उपाय आहे, कॅपचं तोंड जरा घासून परत सगळी लाईन बोअर करायची, पण मग क्रँक थोडासा वर हेडकडे सरकतो, टायमिंगच्या बेल्टचा ताण बदलतो, आणि खर्च एवढा की त्यात दुसरा चांगला ब्लॉक आला असता.

मग बाकीचं पण बघून घेतलं, एवढं उघडलंच आहे तर. ब्लॉकच्या वरच्या तोंडावर स्टीलची सरळपट्टी आडवी-तिडवी ठेवायची आणि खालून ०.०५ मिमीचा फीलर (पत्र्याची पातळ पट्टी) घुसवायचा. दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरच्या मधे फीलर लोण्यात सुरी जावी तसा गेला. म्हणजे कधीतरी गरम होऊन हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकच्या मधलं पॅकिंग) उडालेलं, पाणी पिऊन अ‍ॅल्युमिनियम खड्ड्याखड्ड्यांनी खाल्लं गेलेलं, त्यावर फेसिंग म्हणजे तोंड सपाट न करता चंदेरी रंग. आणि इंजिन नंबरच्या जागी रंग जरा जाडच होता, थिनरने पुसला तर खाली ग्राइंडरच्या रेघा. तो ब्लॉक तसाच गोणपाटात घालून परत पाठवला, दिलेले पैसे अजून यायचेत, येतील असं भाचा म्हणतो, मी काय म्हणत नाही.

नंबरवरून आठवलं, हे तुमच्या पानात यायलाच पाहिजे होतं. इंजिन नंबर हेडवर नसतो, ब्लॉकवर ठोकलेला असतो आणि तोच आरसी बुकात असतो. म्हणजे ब्लॉक बदलला की कायद्याच्या नजरेत तुम्ही इंजिनच बदललंत. मोटर वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आहे, आरटीओच्या मंजुरीशिवाय नोंदीतल्या गोष्टी बदलता येत नाहीत, आणि २०१९ ला सुप्रीम कोर्टाने पण सांगून टाकलं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही. फक्त मैदानात पळणारी गाडी ट्रेलरवर नेणार असाल तर गोष्ट वेगळी, पण सोमवारी कामावर न्यायची गाडी असेल तर आणि नंबर घासलेला ब्लॉक आत असेल तर उद्या अपघात झाला, विम्याचा माणूस बॉनेट उघडून उभा राहिला, मग काय सांगणार? आणि नंबर घासलेला ब्लॉक कुठून आला असेल हा विचार पण एकदा करावा, चोरीचा निघाला तर आपण मधे.

आता बीड की अ‍ॅल्युमिनियम. ह्यावर गॅरेजच्या बाकड्यावर लोक भांडतात तेवढं कोकणी-मराठीवर पण भांडत नसतील. (हे कापा वाटल्यास.) बिडाची घनता साधारण ७.२, अ‍ॅल्युमिनियमची २.७, म्हणजे वजनात फरक मोठा, पण अ‍ॅल्युमिनियमच्या भिंती जाड ठेवाव्या लागतात म्हणून पूर्ण तेवढा फायदा मिळत नाही. तापलं की अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या दुपटीहून जास्त फुगतं, थंड असताना एक माप आणि गरम असताना दुसरं. बीड जड पण जागचं हलत नाही, प्रेशर खातं. उगाच नाही डिझेलवाले बीड सोडत, तो १२४८ सीसीचा मल्टिजेट जो निम्म्या देशाच्या गाड्यांत होता, बोअर फक्त ६९.६ चा पण ब्लॉक बिडाचा. भाच्याच्या पिढीला ज्याचं वेड आहे तो टोयोटाचा टू-जेझेड पण बिडाचाच, ८६ बाय ८६, सहा सिलिंडर, सात मेन बेअरिंग. सात हे लक्षात ठेवा, म्हणजे प्रत्येक सिलिंडरच्या दोन्ही बाजूंना क्रँकला आधार. आपल्या अँबेसेडरचं जुनं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आठवा, ब्लॉक बिडाचा, जाडजूड, पण चार सिलिंडरला मेन बेअरिंग फक्त तीन, दोन सिलिंडरच्या मधे क्रँक अधांतरी. त्याला कितीही जाड लोखंड घाला, वरच्या फेऱ्यांना क्रँक वाकणारच. विलायतेत त्याच घराण्यातल्या इंजिनाला पुढे एमजीबी गाडीसाठी १९६४ ला पाच बेअरिंग केली ती उगाच नाही. म्हणजे बीड आहे म्हणून मजबूत असं नसतं, आधार किती ते बघा.

आणि अ‍ॅल्युमिनियममधे आणखी एक बघायचं, वरचं तोंड उघडं की बंद. होंडाच्या जुन्या सिटीच्या १.५ व्हीटेकचा ब्लॉक वरून बघितलात तर बोअरच्या भोवती सगळीकडे पाण्याची खंदक असते, ह्याला ओपन डेक म्हणतात. मांडवीच्या पाण्यात धक्क्याचे खांब उभे आहेत आणि वरती आडवं तुळईबिळई काही नाही, तसं समजा. थंडावा मस्त मिळतो, साधं इंजिन चालवायला काही अडचण नाही, ती गाडी तर फेऱ्या घ्यायला वाघ होती. पण त्यावर मोठा टर्बो चढवला की ते खांब वरच्या टोकाला हलायला लागतात, किती हलतात ते डोळ्याला दिसत नाही, पण हेड गॅस्केटला दिसतं. मग लोक बोअरमधे स्लीव्ह म्हणजे नळ्या टाकून घेतात, वरून जाड कॉलरवाल्या, ते काम चांगल्या हातात चांगलं होतं आणि वाईट हातात स्लीव्ह खाली बसत जाते. टर्बोच करायचा असेल तर माझं मत, बंद तोंडाचा ब्लॉक नाहीतर बीड घ्या आणि वजन सोसा. पण प्रत्येकाला टर्बो कशाला पाहिजे हे मला अजून कळलेलं नाही.

तडा शोधायची रीत पण धातूप्रमाणे वेगळी. बिडाला चुंबक लावून वरून लोखंडाचा बारीक कीस टाकतात, तडा असला की कीस रेघ धरतो. अ‍ॅल्युमिनियमला चुंबक धरतच नाही त्यामुळे तिथे तो लाल डाय आणि पांढरी पावडर, नाहीतर पाण्याच्या वाटा बंद करून आत हवा भरायची आणि बुडबुडे बघायचे. अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकला 'चुंबकाने चेक केलाय' असं कोणी सांगितलं तर हसून घरी या.

तर आमचा १.६ परत गेला. भाचा तोंड पाडून बसला, आता दुसरा शोधतो म्हणाला. मेस्त म्हणाला शोध खुशाल, पण सुटा ब्लॉक घेऊ नको, चालती गाडी घे. बॉडी सडलेली असली तरी चालेल, आपल्याकडे खाऱ्या वाऱ्याने बॉडी सडतेच, पण इंजिन त्या गाडीत चालू झालं पाहिजे, गरम झाल्यावर तेलाचं प्रेशर बघता आलं पाहिजे, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन म्हणजे आतला दाब मोजता आला पाहिजे, आणि इंजिन कधी उघडलेलं नसेल तर सोन्याहून पिवळं, कारण मग कॅप कारखान्यातल्याच असणार. असं बोलत असताना त्याची नजर बाहेर उभ्या एस्टीमकडे गेली. म्हणाला हिचं इंजिन कधी उघडलंय? भाचा म्हणाला नाही, बाबांनी सर्व्हिस सोडून काही केलेलं नाही. मेस्त हसला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

कॉम्प्रेशन घेतलं, चारही १७५ ते १८० पीएसआयच्या मधे. खरं तर तिथेच निकाल लागला होता पण भाचा हट्टाला पेटला, १.३ मधे दम नाही, १.६ तो १.६. मग त्याला हिशोब करून दाखवला. एस्टीमच्या ब्लॉकचा बोअर ७४ आणि स्ट्रोक ७५.५. बलेनोचा बोअर ७५ म्हणजे जवळजवळ तेवढाच, वाढला तो स्ट्रोक, ९० चा. ७००० फेऱ्यांना १.६ चा पिस्टन सरासरी सेकंदाला २१ मीटर पळतो, १.३ चा साडेसतरा. लांब स्ट्रोकला खालून ओढ चांगली असते हे शंभर टक्के मान्य, चिखलातल्या जिप्सीला मी स्वतः १.६ च सांगेन. पण तुला मैदानात दुसऱ्या गिअरमधे इंजिन किंचाळत ठेवायचंय, तिथे छोटा स्ट्रोक जास्त दिवस जगतो, आणि स्पर्धेत सीसीप्रमाणे गट असतात तेव्हा १.६ घालून मोठ्यांच्या गटात जाऊन मार खायची हौस कशाला. शिवाय नंबर आरसीतलाच. ह्या शेवटच्या मुद्द्यावर त्याची आई पण आमच्या बाजूला आली, मग विषय संपला.

जुना ब्लॉक म्हणजे थकलेला ब्लॉक असं काही नसतं बरं का. ओतकाम नवीन असतं तेव्हा त्यात ताण असतो, वर्षानुवर्षं तापून-थंड होऊन तो निघून जातो आणि ब्लॉक स्थिर होतो, मग जे बोअर कराल ते माप टिकतं. १९८३ ला नेल्सन पिके ब्रॅबहॅममधून फॉर्म्युला वनचा चॅम्पियन झाला ते बीएमडब्ल्यूचं दीड लिटरचं टर्बो इंजिन, त्याचा ब्लॉक त्यांच्या रस्त्यावरच्या साध्या एम-१० इंजिनाचा होता, बिडाचा, आणि त्यासाठी रस्त्यावर भरपूर चाललेले ब्लॉक पसंत करायचे असं जुने लोक सांगतात. आमची एस्टीम काय फॉर्म्युला वन नाही, पण तत्त्व तेच.

उघडला मग. पाचही कॅप जिथल्या तिथे, क्रँक एका बोटाने फिरतो. सिलिंडर वर-मधे-खाली आणि आडवा-उभा असा सहा वेळा मापायचा, चार सिलिंडरची चोवीस मापं, मी कॅलेंडरच्या मागे लिहून घेतली, सगळ्यात मोठा फरक ०.०२ मिमी, मेस्ताच्या भाषेत एक थाउ (इंचाचा हजारावा भाग) पण पूर्ण नाही. भाचा लगेच म्हणाला, मग अर्धा मिलिमीटर बोअर करूया, सीसी वाढेल. किती वाढेल? ७४ चा साडे-चौऱ्याहत्तर केला तर १२९८ चे १३१६ होतात. अठरा सीसी. खोकल्याच्या औषधाचे चार चमचे पण नाहीत, आणि त्यासाठी लायनरची, म्हणजे बोअरच्या आतल्या बिडाच्या नळीची, भिंत पातळ करायची. बोअर हे दुरुस्तीसाठी असतं, ताकदीसाठी नाही, निदान एवढ्याशा लायनरमधे तरी. ०.२५ मिमी ओव्हरसाइजचे (तेवढे मोठे) फोर्ज्ड म्हणजे दाबून घडवलेले पिस्टन मागवले, म्हणजे बोअर ताजा पण होतो आणि पुढच्या वेळेला ०.५० शिल्लक राहतो. आणि पिस्टन हातात आल्याशिवाय मेस्ताने बोअरला हात लावला नाही, कारण फोर्ज्ड पिस्टन साध्या पिस्टनपेक्षा जास्त फुगतो, त्याला जागा जास्त लागते, किती ते पिस्टनवाला कागदावर देतो, आणि तरी प्रत्येक पिस्टन वेगळा मापून त्याचा त्याचा बोअर होन करायचा, म्हणजे दगडाने बारीक घासून जुळवायचा असतो.

एक गोष्ट मला स्वतःला ह्या वयात नवीन बघायला मिळाली. होन करताना मेस्ताने ब्लॉकवर दोन इंची जाड पोलादी प्लेट बसवली, मधे चार भोकं पाडलेली, आणि ती हेडच्या बोल्टने हेडच्याच टॉर्कला आवळली. मी म्हटलं हे कशाला, ट्रकाला कधी केलं नाही आम्ही. त्याने बोअरमधे गेज सोडला आणि मला म्हणाला काट्याकडे बघ. बोल्ट आवळत गेला तसा काटा हळूहळू सरकत गेला, बोअरचं माप बदलत होतं, नुसतं वरती हेड बसल्यामुळे. म्हणजे प्लेट न लावता गोल बोअर केला तर हेड आवळल्यावर तो गोल राहत नाही, आणि प्लेट लावून केला तर हेड बसल्यावर गोल होतो. ट्रकाच्या जाड बिडात हा फरक आम्हाला कधी नडला नसेल, पण मला एकदम वाटलं की बावीस वर्षांत तेल खाणारी जी इंजिनं आम्ही 'रिंग खराब' म्हणून परत उघडली त्यातली काही अशीच असतील.

होन झाल्यावर धुणं. बहुतेक गॅरेजमधे पेट्रोल-डिझेलने धुतात, त्याने होनिंगचे दगडी कण निघत नाहीत, नुसते पसरतात. गरम पाणी आणि साबण, भांड्याचा साबण चालतो, आणि बाटली धुवायचा ब्रश, तेलाच्या वाटांचे प्लग काढून त्यातून पण ब्रश. मग पांढरा फडका तेलात भिजवून बोअर पुसायचा, फडका करडा झाला तर परत धुवायचं. आमचा फडका पाच वेळा करडा झाला, सहाव्यांदा पांढरा राहिला. भाच्याच्या आईचा जुना पेटीकोट गेला त्यात.

आणि आता आपल्या गोव्याचं. बाहेरचे लोक सांगतात धुवून सुकवून ठेवा. जुलै महिन्यात इथे काय सुकतं? पहिल्या दिवशी मेस्ताने बोअरला तेल लावलं आणि एका सिलिंडरला जरा कमी लागलं, लाइट गेली म्हणून काम अर्धवट टाकून घरी गेलो, सकाळी बघतो तर त्या सिलिंडरच्या आत तांबूस पदर, हाताला लागेल एवढा. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा असला तरी आतला लायनर बिडाचा, त्याला आपली हवा एका रात्रीत गंज आणते. बारीक होन परत मारावा लागला. तेव्हापासून धुणं झालं की वारा मारायचा आणि लगेच इंजिन ऑइल चोपडायचं, आत दोन पदरी प्लास्टिक, वरून गोणपाट. आणि भाच्याने शपथ घेतलीय की रेडिएटरमधे विहिरीचं पाणी जाणार नाही, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे. बघू किती दिवस.

किती हॉर्सपॉवर मिळणार हे मला विचारू नका, भाच्याला शंभर दिसतायत, मला गाडी घरी परत येताना दिसतेय. टर्बो घातला नाही त्याचे पैसे वाचले त्यात पिस्टन, शेल, तेलाचा नवीन पंप आणि मेस्ताची मजुरी भागली, वर त्याला एक जेवण.

तुम्हाला फोटो चुकल्याची दुरुस्ती छापायची असेल तर आमचा ब्लॉक सध्या मेस्ताच्या टेबलावर स्टँडला लावलेला आहे. गुरुवारी शेल येतायत, त्यानंतर क्रँक बसला की आतलं काही दिसणार नाही, तेव्हा फोटोग्राफर बुधवारपर्यंत पाठवा. प्लास्टिक आम्ही काढून देऊ, पण त्याला सांगा बोअरमधे बोट घालायचं नाही आणि तेल पुसायचं नाही. चार मोठी गोल भोकं दिसतात ती बाजू वर. उलटा छापू नका.

आपला एक जुना वाचक,
कुर्टी, फोंडा